आईबाबांची दुभाषी

माझी आई जन्मापासून आंधळी आणि बाबा जन्मापासून बहिरे. हे शब्द मी मुद्दाम असेच लिहिते, कारण आई असेच वापरते. कुणी गुळगुळीत शब्द वापरला की ती विचारते, "म्हणजे नक्की काय नाही मला?" मी त्यांची एकुलती एक मुलगी. मला दिसतं आणि ऐकूही येतं.

नगरच्या केडगावात पुणे रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत बाबांचं शिवणकामाचं दुकान, मागच्या खोलीत आमचा संसार. बाबा मूळचे जामखेडकडचे. मूकबधिरांच्या शाळेत खुणांची भाषा, थोडं लिहिणं-वाचणं आणि शिवण शिकले. आई अंधशाळेत ब्रेल शिकली आणि नगरला एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. विहारात त्यांचं लग्न लागलं तेव्हा जमलेली माणसं म्हणाली होती, एकाचे डोळे, एकीचे कान, दोघांचं मिळून एक माणूस पुरं झालं. आईला हे वाक्य अजून झोंबतं. "त्याआधी मी काय अर्धी होते?" ती म्हणते.

मला आठवतं तेव्हापासून मी त्या दोघांच्या मधे आहे. आई बोलायची, मी ते हातांनी बाबांना सांगायचे. बाबा हात हलवायचे, मी ते तोंडाने आईला सांगायचे. माझ्याशिवाय त्यांच्यात स्पर्शाच्या दहा-बारा खुणा होत्या. खांद्यावर दोन टिचक्या म्हणजे चहा, पाठीवर तळवा म्हणजे गिऱ्हाईक आलंय, कोपर ओढलं म्हणजे आत ये. त्यापलीकडचं सगळं माझ्यातून जायचं. निदान मला तसं वाटायचं.

लहानपणी मला सतत भीती वाटायची. शाळेत खिडकीजवळच्या बाकावर बसायचा माझा हट्ट असे, कारण तिथून रस्ता ऐकू यायचा. ॲम्ब्युलन्स गेली की मी फळ्याकडे बघायचं सोडून आवाज कुठल्या बाजूला वळतोय ते ऐकत बसे. मी मनात हिशेब मांडायचे. कुणी बोलत घरात शिरलं तर आईला कळेल. कुणी न बोलता शिरलं तर बाबांना दिसेल. पण आई ऑफिसात असताना कुणी बाबांच्या पाठीमागून आलं तर? गॅस चालू राहिला तर आईला वास येईल, पण साडीचा पदर पेटला तर? मग बाई माझं नाव घ्यायच्या आणि मला उत्तर येत नसायचं.

त्या दोघांना मात्र एवढी भीती नव्हती. त्यांना त्यांचं जग पुरेसं होतं, आणि ते कसं आहे हे मी तुकड्यातुकड्यानेच समजून घेतलं.

सात-आठ वर्षांची असताना मी आईला विचारलं, "तुला सगळीकडे अंधार दिसतो का गं?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुझ्या कोपराला काय दिसतं?"

"काहीच नाही."

"मग कोपराला अंधार दिसतो म्हणशील का? अंधार बघायलासुद्धा डोळे लागतात. मला तो ठाऊक नाही."

मी नंतर कितीतरी दिवस कोपराने बघायचा प्रयत्न करत होते. आईचं जग हवेतून आणि पायाखालून यायचं. गल्लीच्या तोंडाशी गरम पिठाचा वास आला की गिरणी, तिथून एकवीस पावलांवर आमची पायरी. भिंत जवळ आली की तिला गालावर कळायचं. कसं, ते तिला सांगता यायचं नाही. माणसं तिला चपलांवरून आणि श्वासावरून ओळखू येत. स्वप्नात काय येतं विचारलं तर म्हणायची, "आवाज येतात, वास येतात. कधी कुणी हात धरतं. तुझ्या लहानपणचं डोकं येतं, तेल लावलेलं."

बाबांचं वेगळं. ते मशीनच्या पाटावर डाव्या हाताचं एक बोट ठेवून शिवायचे. सुई बोथट झाली, दोरा अडकला, बॉबिन संपत आली, हे त्यांना त्या बोटात कळायचं. आवाज म्हणजे काय, हे त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तो असणार. एकदा त्यांनी मला खुणेनं विचारलं, सूर्य वर येतो तेव्हा केवढा आवाज येतो? येत नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. एवढी मोठी वस्तू एवढ्या दुरून येते आणि गुपचूप? पोळी फुगते तेव्हा? सावली सरकते तेव्हा? मी नाही, नाही म्हणत राहिले आणि ते निराश होत गेले. आपण स्वतः आवाज करतो हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. शिवताना त्यांच्या घशातून एक बारीक घूं असा सूर निघायचा, पायडलच्या तालावर. गिऱ्हाइकं गालात हसायची. मी ते त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनी तो थांबवला असता, आणि आईला तो सूर घरात हवा असायचा.

एकच आवाज दोघांना मिळून पोचायचा. नगरजवळ लष्कराचा तोफांचा सराव चालतो. दूर कुठेतरी धमाका झाला की दुकानाच्या काचकपाटात थरथर उठायची. बाबा काचेवर तळवा ठेवून आईकडे बघायचे. आई एक बोट वर करायची, एक झाला. मग दोन. मला त्या खेळात भाग नव्हता आणि तेवढा वेळ मी निवांत असायचे.

मोठी झाल्यावर मी डी.एड. केलं आणि मला भंडारदऱ्याजवळच्या एका आश्रमशाळेत नोकरी लागली. मी जाणार नाही म्हणाले. आई म्हणाली, "मग शिकलीस कशाला?" बाबांनी माझ्यासाठी चार नवीन ड्रेस शिवून ठेवले, म्हणजे त्यांचंही तेच मत होतं. मी निघण्याआधी सगळी सोय लावली. दाराच्या घंटीला दिवा जोडून घेतला. आईच्या मोबाईलमध्ये बोलणारी सोय होती, कुणाचा फोन आला की तो नाव सांगायचा. बाबांना व्हिडिओ कॉल शिकवला. रोज संध्याकाळी सात वाजता आधी आईशी बोलायचं, मग बाबांशी खुणांनी. शेजारच्या गिरणीवाल्या काकूंना सांगून ठेवलं, काही वाटलं तर लगेच कळवा.

तरीही दोन वर्षं मी रोज सहापासून घड्याळ बघायचे. डोंगरात रेंज कधी असते, कधी नसते. शाळेमागच्या एका खडकावर चढलं की दोन काड्या दिसायच्या. तिथे उभी राहून मी बोलायचे.

गेल्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी बाबांशी बोलताना मला दिसलं, ते छातीवर अंगठा चोळत होते. मी विचारलं, काय होतंय? त्यांनी तोंडाकडे बोट नेऊन हात झटकला, म्हणजे पित्त. मी पुढचं विचारेपर्यंत चित्र गोठलं. त्यांचा अंगठा तसाच छातीवर राहिला आणि कॉल तुटला.

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. साडेनऊच्या सुट्टीत मी खडकावर जाऊन आईला फोन लावला. शनिवारी तिला सुट्टी असते, त्या वेळी ती घरीच असते. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला. मग बाबांना. त्यांचा फोन शर्टाच्या खिशात असतो, थरथरला की ते लगेच बघतात. तोही कुणी उचलला नाही. गिरणीवाल्या काकूंना लावला तर त्या माहेरी गेल्या होत्या. "काल संध्याकाळीच निघाले गं मी. तोवर सगळं ठीक होतं," त्या म्हणाल्या. "अंघोळीला गेले असतील."

दोघं एकदम अंघोळीला जात नाहीत.

मुख्याध्यापकांना सांगून मी होते तशी निघाले. राजूरपर्यंत जीप, तिथून अकोल्यावरून संगमनेरची एसटी. जीपमध्ये रेंज गेली ती गेलीच. अकोल्याच्या आसपास फोन जिवंत झाला, तेव्हा एका अनोळखी लँडलाईनचा मिस्ड कॉल दिसला. एकच. नगरचा नंबर होता. मी परत लावला, व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. संगमनेरपर्यंत मी तो नंबर लावत राहिले आणि मधेमधे घरचे दोन्ही. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "काय झालं, पोरी?" मी म्हणाले, "काही नाही." सांगायला काही हातात नव्हतंच. फक्त लहानपणापासूनची माझी सगळी यादी एकेक करून समोर येत होती, आणि गाडी लोणीला उभी, कोल्हारला उभी, राहुरीला उभी.

केडगावात रिक्षातून उतरले तेव्हा तीन वाजत आले होते. गिरणी बंद. आमच्या दाराला बाहेरून कुलूप. मी दाराला कान लावून आईचा नंबर लावला. आत रिंग वाजायला लागली आणि रिंगच्या मधे फोनमधली ती यंत्राची बाई माझं नाव घेऊ लागली. रिकाम्या घरातून कुणीतरी मला हाका मारतंय आणि मी बाहेर उभी. मी कॉल बंद केला. फटीतून पाहिलं तर मशीनवर एक ब्लाऊज होता, अर्धी बाही लावलेला, सुई कापडातच. बाबा सुई कापडात ठेवून कधी उठत नाहीत.

कोपऱ्यावरच्या रिक्षा थांब्यावर एक रिक्षावाले काका आमच्या ओळखीचे आहेत. मला बघून तेच पुढे आले.

"ताई, घाबरू नका. बाबा दवाखान्यात हायेत. म्याच सोडलं सकाळी."

"काय झालं त्यांना?"

"मला काय कळलं न्हाई. तुमच्या आई दारात आल्या आन् नाव घिऊन हाक मारली. म्हनल्या, यांना घाम फुटलाय, छातीचं वाटतंय, गाडी दाराशी आना. लई शांत हुत्या. मी आन् दोघांनी धरून बसवलं. रस्ताभर त्यांचा हात हातात धरून बसल्या हुत्या. आन् सारखं बोलत हुत्या त्यांच्यासंगं."

"बाबांना ऐकू येत नाही, काका."

"ते ठावं हाय मला. तोंडानं न्हाई. हातानं."

त्यांनी मला दवाखान्यात पोचवलं. तो अनोळखी नंबर तिथल्या चौकशीच्या खिडकीचा होता. आईला माझा नंबर पाठ असतो, तिने सिस्टरांकडून एकदा लावून घेतला होता, तेव्हा मी घाटात होते. दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर भेटल्या, माझ्याच वयाच्या असतील. म्हणाल्या, "तुम्ही मुलगी का? हार्ट अटॅक होता, पण वेळेत आणलं. स्टेंट टाकलाय. आता स्थिर आहेत. आईंनी हिस्ट्री इतकी नीट सांगितली की आम्हाला शोधत बसावं लागलं नाही."

"आईने? काय सांगितलं?"

त्यांनी फाईल उघडली. "गुरुवारपासून त्रास आहे. कळ गळ्यापासून डाव्या मुंढ्यापर्यंत, शिवण उसवत न्यावी तशी. मुंढा म्हणजे काय ते मला विचारावं लागलं. त्या म्हणाल्या, ब्लाऊजला बाही लावतात ती जागा. पेशंटचे शब्द आहेत, मी तसेच सांगते, म्हणाल्या."

माझ्या ओळखीच्या दहा-बारा टिचक्यांमध्ये एवढं बसत नव्हतं.

अतिदक्षता विभागाच्या काचेतून मी पाहिलं. बाबांच्या तोंडावर मास्क होता, उजव्या मनगटाला पट्टी बांधून तो हात फळीवर ठेवला होता. खुणा करायला दोन हात लागतात, तेव्हा माझ्या भाषेत ते त्या दिवशी मुके होते. डावा हात आईच्या हातात होता. आई स्टुलावर बसली होती, मान थोडी कलती करून, ऑफिसात हेडफोन लावून बसते तशी. बाबांचं एक बोट तिच्या तळव्यावर फिरत होतं. थांबत होतं, परत फिरत होतं. मग आईने त्यांचा तळवा उलटा केला आणि तिचं बोट फिरू लागलं, भराभर. एकदा ती हसली.

बाहेर बाकावर बसले आणि मला आधी हायसं वाटलं. मग रडू आलं. आणि मग, हे लिहायला लाज वाटते, पण राग आला.

मी दहा-अकरा वर्षांची असताना दोघांचं मोठं भांडण झालं होतं. बाबांना जामखेडला परत जायचं होतं, भावांजवळ. आईला नोकरी सोडायची नव्हती. आई मला म्हणाली, "त्यांना सांग, जायचं तर एकटे जा." मी हातांनी सांगितलं, आई म्हणते, पुढच्या वर्षी बघू. बाबा खुणेने म्हणाले, या गावात मी कुणाचाच नाही. मी आईला सांगितलं, बाबा म्हणतात, बरं. त्या दोन खोट्यांवर माझं घर उभं आहे, असं मी पुढे सतरा वर्षं समजत होते. कुणाला सांगितलं नाही. रोज वाटायचं, कधीतरी उघडं पडेल.

संध्याकाळी आई बाहेर आली. मी तिला बाकावर बसवलं, चहा दिला. बाबांचं सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "तुम्ही हातावर हे काय बोलता?"

"अक्षरं," ती म्हणाली, जसं काही मला माहीतच होतं.

"तुला लिहिलेली अक्षरं कुठे येतात? तुला ब्रेल येतं."

"त्यांनी शिकवली. लग्नाच्या पहिल्या वर्षी. जाड दोऱ्याने कापडावर बाराखडी शिवून दिली मला, काजाचा दोरा. मी दुपारी बोटं फिरवत बसायचे. तीन महिन्यांत आली. आता पूर्ण अक्षर लागत नाही, अर्ध्यातच कळतं."

"मग मी कशाला होते मधे?"

तिने कप खाली ठेवायला जागा चाचपली. "तू असलीस की पटकन व्हायचं. आणि तुला आवडायचं ते. तू किती अधिकाराने सांगायचीस."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"सगळंच तुला सांगायला हवं का? आमच्या दोघांचं काही नको?"

मी लहान असताना ते दुपारी हातात हात घेऊन बसायचे. कळत्या वयात मला त्याची लाज वाटायची आणि मी उठून बाहेर जायचे. त्यामुळेच मी ते कधी पाहिलं नव्हतं.

मी तिला जामखेडच्या भांडणाचं सांगून टाकलं. दोन्ही वाक्यं, जशी होती तशी.

"माहीत आहे की," ती म्हणाली. "तू शाळेत गेल्यावर दोन दिवस भांडत होतो आम्ही. त्यांची नखं लागून माझा तळवा लाल झाला होता." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "त्याचं एवढं घेऊन बसलीस? तेव्हाच विचारायचंस."

मला हसूही आलं नाही आणि रडूही. एवढी वर्षं मी जे ओझं धरून ठेवलं होतं ते कुणी माझ्याकडे दिलंच नव्हतं. त्याने हलकं वाटायला हवं होतं. पण त्या बाकावर मला वाटत होतं, माझी नोकरी गेली.

सकाळी नेमकं काय झालं तेही तिने सांगितलं. ती मागे कपडे धूत होती. बाबांचा तो घूं सूर एकदम तुटला आणि पायडल थांबलं नाही, दोन-तीन फेरे रिकामं फिरलं. शिवण संपली की सूर आणि पायडल बरोबर थांबतात. ती हात पुसत पुढे गेली, त्यांचा तळवा धरला, तो गार आणि ओला होता. तिने विचारलं, काय? त्यांनी लिहिलं, पित्त. मग तिने त्यांच्या छातीवर कान ठेवला. "ते खोटं बोलत होते," ती म्हणाली. "मोबाईल घ्यायचं सुचलं नाही, कुलूप लावायचं सुचलं."

आठव्या दिवशी बाबा घरी आले. मी तीन आठवडे रजा टाकली होती. त्या दिवसांत मी त्यांच्यासमोर तळवा धरून बसायचे, मलाही शिकवा म्हणून. मी बघत असले की सगळी अक्षरं यायची. डोळे मिटले की क आणि फ मधला फरक कळायचा नाही, आणि भ तर गुदगुल्यांखेरीज काही वाटायचा नाही. बाबांना हसू आवरेना. आई म्हणायची, "तू पुढचं अक्षर आधीच ओळखायला जातेस. आधी हे तर पुरं होऊ दे."

आता बाबा रोज सकाळी दोन तास मशीनवर बसतात. गोळ्यांच्या डबीवर आईने ब्रेलची चिठ्ठी लावली आहे, बाबांनी त्याखाली पेनाने लिहिलं आहे. मी शाळेत परत आले. भीती कमी झाली असं नाही. उलट आता एक नवीन भर पडली आहे. फोन उचलायला आईला उशीर झाला की मी तिच्या मागे मशीनचा आवाज येतो का ते ऐकते. तो असला तरी पायडल एकटंच फिरत नाही ना, एवढं कळण्याइतके माझे कान तयार नाहीत.

गेल्या महिन्यात मी नगर तालुक्यात बदलीसाठी अर्ज केला आणि संध्याकाळी खडकावरून आईला सांगितलं.

ती म्हणाली, "थांब, त्यांना विचारते."

फोन चालूच होता. पंख्याचा आवाज येत होता, गल्लीतून एक टेम्पो गेला. बाकी काही नाही. मी घड्याळ पाहिलं, चार मिनिटं झाली. एवढ्या वेळात ते पुष्कळ बोलले असणार. अंधारायला लागलं होतं आणि माझ्या फोनच्या दोन काड्यांतली एक गेली होती. कॉल तुटू नये म्हणून मी हललेसुद्धा नाही.

मग आई म्हणाली, "ते म्हणतात, तुला यायचं असेल तर ये. आमच्यासाठी म्हणून येऊ नकोस."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी पण तेच म्हटलं त्यांना. आधी मीच म्हटलं."

अर्ज मी अजून मागे घेतलेला नाही. मुख्याध्यापक परवा विचारत होते, काय ठरलं. मी म्हणाले, या महिन्याअखेर सांगते.